पिंपळ, पार आणि दगडी छत्री : एका निनावी जलरंगचित्राच्या वाचनाच्या नोंदी

18 फेब्रुवारी 2024, रविवार

उन्हाळी सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांसाठी चित्रवाचनाचे एक छोटे शिबिर घ्यायचे ठरवले आहे. त्यासाठी मी पहिले चित्र नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरातलेच निवडले. आजोबांच्या काळापासून ते दिवाणखान्यात पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेले आहे. ते जलरंगातले असून 36 सेंटिमीटर रुंद आणि 26 सेंटिमीटर उंच आहे. त्यावर सही नाही, तारीख नाही आणि मागे चिठ्ठीही नाही. एकतीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली, परंतु या चित्रासमोर वही घेऊन मी आज प्रथमच बसले.

आज केवळ जे दिसते ते लिहायचे होते. उजवीकडे पार बांधलेला मोठा वृक्ष असून त्याच्या फांद्या चित्राच्या वरच्या कडेपर्यंत पोचतात. डावीकडे घुमट असलेली दगडी छत्री, म्हणजे स्मारकमंडप, आणि तिच्यामागे पाच कमानींची ओवरी आहे. मधल्या मोकळ्या अंगणात दगडी वृंदावन आहे. पाराजवळ हातात काहीतरी धरलेली एक पाठमोरी व्यक्ती बोटाच्या पेराएवढ्या उंचीत रंगवली आहे. मागे झाडांची रांग आहे. आभाळ गुलाबी-पिवळसर, दगड तपकिरी आणि पाने बहुतेक मातकट आहेत.

आत्या या चित्राला नेहमी ‘सांजेचं चित्र’ म्हणते आणि घरात सर्वांच्या तोंडी तेच नाव आहे. मीही वर्णन संपवून खाली अर्थ लिहून टाकला: वैभव ओसरल्याची संध्याकाळ, ओस पडत चाललेली छत्री, तिच्यावर हळूहळू मात करणारे झाड. नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई 1817 मध्ये झाली आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यामुळे भोसलेकालीन वळणाची वास्तू आणि मावळता प्रकाश एकत्र दिसताच हा अर्थ मनात आपसूक उमटला. तो इतक्या सहज आला याचीच आता मला शंका वाटते आहे.

25 फेब्रुवारी

जुनी दगडी वास्तू आणि मोठे झाड एकत्र दिसले की आपण लगेच ऱ्हासाविषयी बोलू लागतो. ही सवय कुठून आली याचा आठवडाभर विचार केला.

सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब फान राउस्डाल याचे ज्यूंच्या दफनभूमीचे प्रसिद्ध चित्र मी वर्गात अनेकदा दाखवले आहे. त्याच्या दोन आवृत्त्या असून एक ड्रेस्डेनला आणि दुसरी डेट्रॉइटला आहे. त्यातल्या कबरी अॅमस्टरडॅमजवळच्या औडरकेर्क गावातल्या खऱ्या दफनभूमीतल्या आहेत, परंतु मागची भग्न वास्तू तिथली नाही. ती एग्मंड येथील अवशेषांवरून घेतली आहे, आणि डोंगराळ उतार तर त्या सपाट प्रदेशात असणेच शक्य नाही. निष्पर्ण वाळलेले झाड, पडकी भिंत, वाहता ओढा आणि वर इंद्रधनुष्य अशी मांडणी त्याने मुद्दाम जुळवली. तिथे मर्त्यतेचा अर्थ लावणे रास्त आहे, कारण चित्रकाराने त्यासाठीच वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्तू एकत्र आणल्या.

आपल्याकडे ही दृष्टी इंग्रज प्रवासी चित्रकारांबरोबर आली. विल्यम हॉजेस 1780 मध्ये भारतात आला. त्याच्यानंतर थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1786 मध्ये आले आणि त्यांनी देशभर फिरून केलेल्या रेखाटनांवरून पुढे 1795 ते 1808 या काळात 144 चित्रे छापली. एका बाजूला गर्द झाड, दुसऱ्या बाजूला देऊळ किंवा घुमट आणि मधून दूरवर जाणारी नजर ही चौकट त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते. आमच्या चित्राची रचनाही नेमकी तशीच आहे, म्हणजे ज्याने हे काढले तो त्या वळणात शिकलेला असावा. मात्र चौकट उसनी आहे म्हणून आतला मजकूरही उसना असेलच असे नाही. माझे पहिले वाचन चौकटीपाशीच थांबले होते, म्हणून ते मी आज खोडून टाकले.

3 मार्च

झाड ओळखणे सोपे वाटले होते, पण ते तसे निघाले नाही. पारंब्या नाहीत म्हणून वड बाद झाला. चिंचेचा माथा गोलसर आणि पिसाऱ्यासारखा बारीक पानांचा असतो, तर इथे फांद्यांमधून आभाळ मोकळेपणाने दिसते आणि कडेची पाने एकेक टिंबाने, खाली शेपटी ओढून रंगवली आहेत. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्या ओळखीचे आहेत. त्यांनी भिंगातून पाहून सांगितले, “ताई, हा पिंपळच. पानाचं टोक बघा ना, इतकं लांब दुसऱ्या कोणाचं?”

पानांचा रंग मात्र त्यांना खटकला. पिंपळाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि लगोलग तांबूस, चकचकीत पालवी फुटते. चित्रातली पाने तांबूस आहेत, म्हणून हा फाल्गुन-चैत्राचा सुमार म्हणता येईल. परंतु मागच्या रांगेतली कडुनिंबासारखी झाडेही तपकिरीच दिसतात. सगळीच झाडे एका रंगाची असतील तर पालवीचा पुरावा टिकत नाही. प्राध्यापकांनी उपस्थित केलेली ही शंका योग्य आहे आणि ती सोडवल्याशिवाय ऋतूबद्दल काही लिहायचे नाही असे ठरवले.

10 मार्च

आजची नोंद या कामातली सर्वांत महत्त्वाची आहे.

चित्राची चौकट उघडून घेण्यासाठी मी ते सीताबर्डीवरच्या एका फ्रेमवाल्याकडे नेले. मागे हार्डबोर्ड आणि खाकी कागदाची पट्टी होती. मागच्या कोणा कारागिराने चित्र हार्डबोर्डाला चारही कोपऱ्यांत डिंकाने चिकटवले होते, ते सोडवायला तासभर लागला. कागद जाड आणि खडबडीत आहे. प्रकाशासमोर धरल्यावर व्हॉटमन या इंग्लिश कागदाच्या जलचिन्हाची अर्धी अक्षरे दिसली. हा कारखाना कधी कधी जलचिन्हात वर्षही घालत असे, पण आमचा कागद नेमका त्या बाजूने कापलेला आहे.

नंतर फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे चित्राच्या कडा झाकणारी पुठ्ठ्याची आतली चौकट, उचलली आणि तो म्हणाला, “मॅडम, हे पाहा बरं. इथं तर आभाळ निळं हाय ना.”

माउंटखाली चारही बाजूंनी जेमतेम सात मिलिमीटरची पट्टी इतकी वर्षे झाकलेली राहिली होती. त्या पट्टीतला कागद पांढरा आहे. वरच्या पट्टीत आभाळ निळसर-राखाडी असून त्यात पातळ ढगाची कड आहे, आणि तोच ढग माउंटची रेघ ओलांडून उघड्या भागात येताच गुलाबी होतो. रंगाचा थर तोच आहे, ब्रशचा फटकाराही अखंड आहे. फक्त झाकलेल्या भागात त्यातला निळा टिकून राहिला आणि उघड्या भागात तो उडून गेला.

मी दुकानातल्या स्टुलावर बराच वेळ ती पट्टी पाहत बसले होते. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी जी संध्याकाळ पाहिली, ती चित्रकाराने रंगवलेलीच नव्हती.

12 मार्च

याचे कारण जलरंगाच्या जुन्या वापरात सापडते. ढगांचा राखाडी रंग करण्यासाठी नीळ आणि इंडियन रेड एकत्र करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात सर्रास होती. वनस्पतीपासून काढलेली नीळ जलरंगाच्या पातळ थरात प्रकाशाने फिकी पडत जाते. इंडियन रेड ही लोहाची तांबडी माती असल्याने उन्हाला दाद देत नाही. नीळ उडाली की मागे तांबूस छटा उरते आणि ढगाळ सकाळची संध्याकाळ होते. इंग्लंडमध्ये असे अनेक जुन्या चित्रांचे झाले. त्यावरून तिथे मोठा वाद उठला, आणि रसेल व अॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी रंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचे प्रयोग करून 1888 मध्ये सरकारला अहवाल दिला. कोणते रंग टिकतात आणि कोणते उडतात याची पद्धतशीर तपासणी तिथून सुरू झाली.

आमच्या चित्राच्या रंगांची रासायनिक तपासणी झालेली नाही, माझा आधार झाकलेल्या पट्टीचा आहे. परंतु पश्चिमेची खिडकी, नागपूरचे ऊन आणि दशकानुदशके तीच जागा एवढे पाहिल्यावर दुसरे कारण शोधावेसे वाटत नाही. कागद पिवळा पडण्यात हार्डबोर्डाच्या आम्लाचाही हात असणार. मागच्या बाजूला त्याचा तपकिरी ठसा स्पष्ट उमटला आहे.

यानंतर प्रत्येक रंगाकडे पुन्हा पाहणे भाग होते. पट्टीत मागच्या रांगेतल्या झाडांची पाने हिरवी आहेत. निळीत गॅम्बोज हा पिवळा रंग मिसळून केलेला हिरवा उघड्या भागात मातकट झाला असावा. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, त्याच झाकलेल्या पट्टीत, पिंपळाच्या फांदीचे टोक आहे. तिथली पाने तांब्याच्या रंगाचीच आहेत. म्हणजे निंब हिरवा होता आणि पिंपळ खरोखरच तांबूस पालवीत होता. प्राध्यापकांना फोन करून सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

17 मार्च

दगडाबाबतही माझी चूकच झाली होती. तपकिरी रंगावरून मी त्याला कामठीकडचा वालुकाश्म समजले होते. डाव्या खालच्या कोपऱ्यात छत्रीच्या चौथऱ्याचा एक चिरा माउंटखाली गेला आहे आणि त्याचा रंग निळसर-काळा आहे. हा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. नागपूरच्या भूगर्भाची गंमत अशी की दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची किनार याच परिसरात येऊन संपते. शहराच्या पश्चिमेला आणि सीताबर्डीच्या टेकडीत बसाल्ट आहे, तर पूर्वेकडे वेगळे, फार जुने खडक लागतात. त्यामुळे केवळ दगडावरून जागा ठरत नसली, तरी वास्तू भोसलेकालीन वळणाची आहे या समजाला बळ मिळते.

सकाळी महालातल्या रुक्मिणी मंदिराच्या दगडी कोरीव कामासमोर तासभर बसून काळा दगड प्रकाशात कसा दिसतो ते रंगवून पाहिले. सावलीत तो निळा दिसतो आणि ऊन पडले की राखाडी होतो, कडांवर तर जवळजवळ पांढरा. चित्रकाराने हे नेमके टिपले होते. त्याची उन्हातली कड अजून आहे, सावलीतला निळा मात्र उडाला, आणि त्यामुळे दगडाचा भरीवपणा जाऊन तो झिजल्यासारखा, मऊ दिसू लागला. मी पहिल्या दिवशी ‘जीर्ण’ हा शब्द लिहिला तो याच कारणाने. भिंगातून पाहिले तर चिऱ्यांच्या कडा सरळ आहेत, सांधे भरलेले आहेत आणि ओवरीच्या कमानींना चुन्याची सफेदी दिलेली आहे. ही वास्तू वापरातली आहे, तिची निगा राखली जाते.

22 मार्च

आता वेळेचा प्रश्न. अंगणातल्या वृंदावनाची सावली जवळजवळ आडवी, म्हणजे चित्राच्या पातळीला समांतर पडली आहे, त्यामुळे ती मोजताना खोलीमुळे फारशी फसगत होत नाही. वृंदावनाची उंची 31 मिलिमीटर आणि सावली 30 मिलिमीटर. सावली वस्तूइतकीच असेल तर सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असतो.

आज गच्चीवर मीटरभर लांबीची काठी उभी करून पाहिले. सकाळी साडेनऊ ते पावणेदहाच्या दरम्यान सावली काठीएवढी झाली, आणि दुपारी तीन वाजून गेल्यावर पुन्हा तितकीच. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी मात्र मध्यान्हीलाही तो 45 अंशांच्याच आसपास असतो. म्हणजे ही सावली हिवाळ्यातल्या दुपारी बाराचीही असू शकली असती, परंतु पिंपळाची तांबूस पालवी डिसेंबरला बाद करते. मावळतीची लांबलचक सावली तर ही कोणत्याच ऋतूत नाही. एप्रिलमधली धरली तर वेळ थोडी मागेपुढे होईल, एवढेच.

सकाळ की दुपार याचा निर्णय सावलीवरून लागत नाही, कारण चित्रकाराचे तोंड कोणत्या दिशेला होते हे आपल्याला माहीत नाही. तो निर्णय पारावर आहे. पाठमोऱ्या व्यक्तीच्या पुढे, पाराच्या चिऱ्यांवरून खाली उतरणारा एक गडद ओघळ आहे. त्याला मी आधी तडा समजले होते. तड्याला ब्रशच्या टोकाची कोरडी, तुटक रेघ असती. हा ओघळ ओल्या रंगात सोडलेला आहे, खाली पसरत गेलेला आहे आणि त्याच्या एका कडेला कोऱ्या कागदाची चमक राखली आहे. ते पाणी आहे. त्या व्यक्तीच्या हातात तांब्या आहे आणि पिंपळाला पाणी घातले जात आहे. हे सकाळचे काम आहे, भर उन्हात तीन वाजता कोणी ते करत नाही.

31 मार्च

रामटेकला जाऊन आले. चित्र तिथले आहे असा माझा दावा नाही. तलाव, पायऱ्या, देवळे आणि झाडे एकत्र असलेली जागा डोळ्यांनी पाहायची होती. अंबाळा तलावाच्या काठी बसून दोन रेखाटने केली. तिथल्या पिंपळांना नेमकी आता पालवी आली आहे, आणि सकाळच्या उन्हात ती पाने पाठीमागून उजळली की तांब्याची वाटतात. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एकाच तळ्याकाठी आयुष्य का घालवावेसे वाटत असेल, हे आज थोडे समजले.

तिथे एका लहान देवळाच्या शिखरावर पिंपळाचे रोप दिसले आणि मला आमच्या चित्रातला घुमट आठवला. घरी येऊन भिंग लावले. छत्रीच्या घुमटाच्या बुडाशी, डाव्या बाजूला, ब्रशच्या चार-पाच टिंबांचे एक रोप आहे आणि त्याची टिंबे मोठ्या पिंपळासारखीच खाली शेपटी ओढलेली आहेत.

या रोपाने माझ्या नव्या वाचनाला अडचण आणली, आणि ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. वास्तूची निगा राखली जाते असे मी लिहिले होते. मग घुमटावर रोप कसे? पिंपळाचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दगडाच्या सांध्यात पडते, चुन्यात मूळ धरते, आणि मूळ जाड होऊ लागले की चिरे सरकतात. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सर्वांना हे ठाऊक असते आणि रोप कोवळे असतानाच काढायला हवे हेही ठाऊक असते. परंतु पिंपळावर हात टाकायला आपल्याकडे कोणी सहज तयार होत नाही. लहानपणी आमच्या गल्लीतल्या पिंपळावर मुंजा राहतो असे सांगितले जाई, आणि त्याची फांदी तोडायची वेळ आली तेव्हा गडी मिळायला चार दिवस लागले होते.

म्हणून मला आता असे वाटते की घुमटावरचे रोप आणि पारावरचे पाणी यांत विरोध नाही. ज्या श्रद्धेने खाली पिंपळाला पाणी घातले जाते, त्याच श्रद्धेने वरचे रोप राखले जाते, आणि कमानींना सफेदी देणारे हातही तिथलेच आहेत. झाड दगडावर मात करत आहे हे माझे पहिले वाक्य वस्तुस्थितीच्या जवळ होते, पण त्यातली माणसे मी पाहिलीच नव्हती. छत्री जपणारे आणि तिला एक दिवस फोडणारे झाड जपणारे लोक एकच आहेत. चित्रकाराने त्यावर कोणताही निकाल दिलेला नाही. त्याने रोप पुसले नाही, मोठेही केले नाही. ऊन वर चढत असलेल्या एका साध्या सकाळी जे दिसले ते त्याने त्याच्या जागी ठेवले.

6 एप्रिल

मुलांसाठीचे टिपण लिहायला घेतले. आभाळाचा मुद्दा त्यांना कसा पटवावा यासाठी जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकाराचे उदाहरण घेतले आहे. बिशप जॉन फिशर यांच्यासाठी त्याने सॅल्सबरीचे दगडी कॅथेड्रल झाडांच्या कमानीतून दिसते असे चित्र 1823 मध्ये पूर्ण केले. बिशपना त्यातला कॅथेड्रलवरचा काळा ढग आवडला नाही आणि त्यांनी अधिक प्रसन्न आभाळाची इच्छा व्यक्त केली. पुढे कॉन्स्टेबलने दुसरी आवृत्ती केली. तिच्यात आभाळ उजळले आहे आणि झाडेही बाजूला सरून वाट मोकळी झाली आहे. ती 1826 मध्ये पूर्ण झाली, पण फिशर त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते. दगड तेच, झाडे तीच, आभाळ वेगळे. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की मुले स्वतःच बोलू लागतील. तिथे चित्रकाराने आभाळ बदलले आणि आमच्याकडे खिडकीने, एवढाच फरक त्यांना सांगायचा आहे.

टिपणात ‘हे चित्र काय सांगते’ असा मथळा घातला होता, तो काढला. त्याऐवजी क्रमाने पाहण्याच्या गोष्टी दिल्या आहेत: कागद, मग रंग, मग झाड, दगड, सावली, पाणी आणि शेवटी घुमटावरचे रोप. या क्रमाबद्दल मी आग्रही आहे. भावनेपासून सुरुवात केली तर पुढचे काहीच दिसत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

9 एप्रिल, गुढीपाडवा

चित्र नव्या चौकटीत बसवून आले. मागे आम्लविरहित बोर्ड आहे, काच अतिनील किरण अडवणारी आहे, आणि चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोरून काढून माजघराच्या आतल्या भिंतीवर लावले, जिथे थेट ऊन येत नाही. उडालेला रंग परत येणार नाही आणि तो वरून भरून काढायचा नाही, हे फ्रेमवाल्याला दोनदा बजावले होते. माउंट मात्र बिजागरीसारखा उघडता येईल असा करून घेतला आहे. मुलांनी आधी बंद चित्र पाहून वेळ कोणती ते आपापल्या वहीत लिहायचे, आणि मगच पट्टी उघडायची.

गुढी उभारून झाल्यावर आत्याला ती पट्टी दाखवली. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून तिला खिडकीजवळ बसवून भिंग हातात दिले. तिने निळ्या कडेवरून बोट न टेकवता हात फिरवला आणि विचारले, “मग माझ्या आईला हे असं निळं दिसत होतं का गं?”

चित्र घरात आले तेव्हा आजी नवी नवरी होती, एवढे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटले, “बहुतेक हो, आत्या. निदान सुरुवातीची काही वर्षं तरी.”

ती काही बोलली नाही. मी माउंट बंद करू लागले तेव्हा तिने माझा हात धरला आणि थोडा वेळ तसेच उघडे राहू द्यायला सांगितले.